१८८५च्या नंतरचं

"हे खरवडावं लागेल, मिस ऑलर्टन," संग्रहालयाची रोवेना म्हणाली खरी, पण तिची मान काही वर होईना.

मुलांच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एका बाजूला हेस्टर ऑलर्टनच्या, दुसऱ्या बाजूला तिच्या धाकट्या भावाच्या, क्लेमच्या. घर तिनेच नगरपालिकेला देऊन टाकलेलं. आता त्याचं संग्रहालय होणार, आणि या संग्रहालयवाल्यांचं एक खूळ असतं. घराला एक साल नेमून द्यायचं. या घराच्या वाट्याला १८८५ आलं. त्यानंतरचं जे जे असेल ते बाहेर. विजेचे दिवे गेले, न्हाणीघर गेलं. आता चौकटीचा पांढरा रंग काढून खालचा जुना तपकिरी उघडा करायचा होता. रेघा त्या पांढऱ्यावर होत्या.

सही करताना हे हेस्टरच्या ध्यानातच आलं नव्हतं. कळलं ते काल.

रोवेना पोर भली. मोठा फोटो काढून देते म्हणाली. म्हातारी हेस्टर नको म्हणाली. फोटो घेऊन काय करायचंय?

क्लेमची शेवटची रेघ १९१२ची, तो चौदा वर्षांचा असतानाची. त्या दिवशीही हेस्टरच उंच भरली, तसा तो फुरंगटला. पुढच्या नाताळात तुला गाठतोच बघ, म्हणाला. नाताळ यायच्या आत घटसर्पाने गेला. हेस्टर आपली वाढत राहिली, चांगली ताडमाड झाली. हल्ली मात्र तिचे जुने कोट घोट्यापर्यंत यायला लागले होते.

रंगारी नॉर्मन खरवडायचं पातं घेऊन कधीचा ताटकळला होता.

"तुझ्या कानावरची ती पेन्सिल घे," हेस्टर त्याला म्हणाली. तिने बूट काढले. क्लेमच्या बाजूला चौकटीला पाठ लावली, टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ केली.

नॉर्मनने रोवेनाकडे पाहिलं. तिने खुणेनेच हो म्हटलं. त्याने म्हातारीच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिल टेकवली आणि थांबला.

"इथं आधीच रेघ आहे, बाई."

हेस्टर वळली. चष्मा वर करून तिने जवळून पाहिलं. मग १९१२च्या त्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

"गाठलंस की रे," ती म्हणाली.

खाली बसून तिने बूट चढवले, सावकाश नाड्या बांधल्या.

"हं, खरवड आता."