थरथरता गुरू

“बाबा, हीटर बंद करा!” अंगणात दुर्बीण लावून बसलेला मुलगा ओरडला. “तुमच्या खिडकीतून गरम हवा येते नि कॅमेऱ्यात गुरू थरथरतो. सगळे फोटो वाया जातात.” आत बसलेल्या निवृत्त मास्तरांनी लगेच बटण दाबलं. पोराचा एकच छंद, त्यात आपण कशाला मोडता घाला! दोन ब्लँकेटं पांघरूनही त्यांना हुडहुडी भरली. पण पोरगं आज आपणहून बोललं होतं, त्या उबेवर त्यांनी तासभर काढला. मुलगा फोन नाचवत आत आला. “बघा, पट्टेसुद्धा कसे रेखीव आलेत! एवढा स्थिर गुरू आजवर मिळाला नव्हता.” मास्तरांनी दोन्ही हातांनी फोन धरला. “झकास! पण अजून थरथरतोयच की रे.” “तुमचे हात थरथरताहेत, बाबा!” मुलाने फोन काढून घेतला. दारात तो थबकला. मास्तरांनी आशेने पाहिलं. “हीटर लावू नका. अजून शनी यायचाय.”