पुंजाजीचा रंधा

“हे माझ्या ओळखीचं नाही,” रंध्याकडे नीट न पाहताच महादेवराव म्हणाले आणि उजव्या हातातली पटाशी पुन्हा दगडावर घासू लागले.

दीपमाला जागची हलली नाही. खामगावच्या संस्थेत ती सुतारकाम शिकवायची. महिन्यापूर्वी कुणीतरी जुन्या हत्यारांचं पोतं संस्थेला दिलं. त्यातल्या या रंध्याचं पातं काढलं तर आत कोरलेलं दिसलं : पुंजाजी, वडनेर. तिच्या वडिलांचं नाव आणि गाव. ती जन्मायच्या तीन महिने आधी ते कामाला म्हणून घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता.

रंधा मोठा विचित्र होता. जेमतेम वीतभर, तळ खोगिरासारखा वाकलेला, मूठ उलट्या बाजूला. अकरा सुतारांनी तो पाहिला आणि खाली ठेवला. शेवटचा म्हणाला होता, साखरखेर्ड्याच्या महादेवरावले विचारा.

“काका, हातात तरी घ्या.”

“सांगितलं ना, बाई. मले टाइम नाही.”

आवाज चढला, पण पटाशी थांबली होती. त्यांची नजर रंध्यावरून हलत नव्हती. दीपमालाला ते दिसलं.

“बरं,” ती मुद्दाम सहज म्हणाली, “बैलगाडीच्या चाकाचाच असंल मग. संस्थेच्या नोंदीत तसंच लिहून टाकते.”

“चाकाचा?” म्हातारा फिस्कन हसला. “चाकाले एवढी बारीक कमान लागते काय? अन् हा डावखुऱ्याचा हाय, दिसत नाही? दुपारच्या सुट्टीत भाकर सोडून बनवला हा. पायन्याच्या कमानीसाठी. पोरीच्या...”

ते एकदम थांबले.

 

“पोरीच्या पाळण्यासाठी,” दीपमाला हळू म्हणाली. “पोरगी झाली हे तुम्हाले कसं माहीत?”

महादेवरावांनी पटाशी खाली ठेवली. ते दाराकडे बघू लागले. पण दारात तर तीच उभी होती.

“पुंजाजीले पत्र आलं असंल घरून. मले काय माहीत!”

“तुम्ही इथले नाही. सव्वीस वर्सांपासून एकटे राहता. तुमच्या घरचं कोणी आजवर आलं नाही. गावात विचारून आली मी.” तिनं रंधा पुढे केला. “मीच ते पोरगी आहे. दीपमाला. खरं सांगा... बाबा?”

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यांनी मान खाली घातली.

“हाव,” ते म्हणाले. “मीच पुंजाजी. माफ कर, पोरी.”

काय काय विचारायचं ठरवून ती इतकी वर्षं जगली होती. त्यातलं काहीच आता आठवेना. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“थांबा. आई गाडीत बसली आहे.”

“तिले कायले तरास?” त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. “तिले नको सांगू. तू जाय आता. मंग येईन मी.”

पण हात सोडवून दीपमाला बाहेर धावली आणि रंध्याची सगळी हकीकत तिनं आईला सांगितली. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत झुंबरबाई आत आली. तिनं पदर सारखा केला आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग तिनं लेकीला मागं ओढलं.

“हा तुहा बाप नाही, दीपे. हा जानराव. तुह्या बापाच्या संग कामाले गेलता. तू पाच महिन्यांची होती तवा एकटाच वापस आला, अन् कसम खाऊन सांगे का पुंजाजी कामाच्या पयल्याच दिवशी याले सोडून गेला, मंग यानं त्याचं तोंडबी पाह्यलं नाही. तर तू झाल्यावर त्यानं बनवलेला हा रंधा यानं कवा पाह्यला?”