दोराच्या टोकाला

"पाय जरा खाली सोड," नम्रताचे प्रशिक्षक ओंकार सर तलावाच्या काठावर वाकून कुजबुजले. "यंत्राक काय कळता? आणि खोटा थोडाच आसा? पाय तुझो बारीकच मां?"

ती पाण्यात उभी राहून ऐकत होती. तिचा उजवा पाय लहानपणच्या तापात वाळून गेलेला. मांडीपासून खाली नुसती काठी. मालवणातल्या एका हॉटेलचा हा पोहण्याचा तलाव आज पुण्याहून आलेल्या संशोधक बाईंनी, शर्मिला मॅडमनी, मागून घेतला होता. एका काठावर मोटार, मोटारीला दोर, दोराच्या टोकाला मूठ. पोहणाऱ्याने मूठ धरून पाण्यावर पालथं निजायचं आणि मोटारीने त्याला ओढायचं. किती जोर लागला ते संगणक सांगणार; जोर जास्त, म्हणजे अडचण मोठी. त्यावरून दिव्यांग खेळाडूंचे वर्ग ठरणार: ज्याची अडचण मोठी त्याने तशांशीच पोहायचं, ज्याची कमी त्याने आपल्या जोडीच्यांशी. न्यायाचीच गोष्ट, त्यात वावगं काही नाही. पण नम्रता आहे त्या वर्गात राहिली तर देशाच्या संघात जाणार होती आणि कमी अडचणीच्या, वरच्या वर्गात गेली तर घरी.

काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत तिचा बाप लवू बसला होता. एका हातात तिची कुबडी, दुसऱ्या हातात स्वतःच्या चपला. एवढ्या स्वच्छ लादीवर चपला घालायचा त्याला धीर झाला नव्हता. चाचणी कशासाठी आहे, हे नम्रताने त्याला सांगितलंच नव्हतं.

"अंग सैल सोडा," मॅडम म्हणाल्या. "दोन-तीनदा ओढू, त्यातली सगळ्यात हलकी ओढ धरू."

मोटार घरघरली. नम्रताने पाय खाली जाऊ दिला. फार नाही, थोडासाच. पाणी मांडीवर आपटायला लागलं, खांदे ताणले गेले, पडद्यावरची रेघ चढत गेली. ओंकार सरांनी मान डोलावली.

तेवढ्यात काठावरून खणखणीत आवाज आला, "जड झालंस गो!"

सगळे हसले. लवूही ओशाळून हसला. तोंडातून निघून गेलं, आता काय करणार? नम्रताला मात्र हसू येईना. चोरी करताना बापाने हात धरावा, तसं तिला झालं.

ही हाक तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. कर्लीच्या खाडीत भरतीचं पाणी स्थिरावलं की बाबा होडीला मागे काथ्याचा दोर बांधायचा. दोराच्या टोकाला गाठ, ती तिने दोन्ही हातांनी धरायची आणि तो वल्ही मारत निघायचा. वाडीतली पोरं वाळूत धावायची, त्या वेळी ही पाण्यात. किनाऱ्यावरून आई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे होडी जायची पुढे आणि बाबा बघत राहायचा तिच्याकडे. "आंग सोड. पाण्यावांगडा भांडू नको," एवढंच त्याचं शिकवणं. पाय बुडला की त्याच्या वल्ह्यांना कळायचं, मग ती हाक. पाय वर आला की तो काहीच बोलायचा नाही, नुसता वल्हवत राहायचा. ते त्याचं गप्प राहणं तिला शाबासकीहून गोड लागायचं. पुढे आई गेली, होडी विकली. काय सुखाचे दिवस होते ते! काथ्याची चुरचुर तिच्या तळहातांना अजून आठवत होती.

"पुन्हा ओढू?" मॅडमनी विचारलं.

ओंकार सरांनी डोळ्यांनी खुणावलं, असंच. नम्रताने मूठ धरली, तोंड पाण्यात घातलं आणि अंग सोडून दिलं. पाय आपसूक वर आला. पाणी अंगाला अडेनासं झालं. ती कान देऊन वाट बघत होती. मोटार थांबली, काठ हाताला लागला, तरी हाक आली नाही.

मॅडम पडद्याकडे बघतच राहिल्या. "दोन्ही पाय धड असलेलेसुद्धा असं निजत नाहीत पाण्यावर," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "यात पायाची अडचण किती आणि शिकलेलं किती, हे यंत्राला अजून वेगळं करता येत नाही. आम्ही तेच शोधतोय. पण आज तरी तुमचा वर्ग बदलेल, नम्रता. मला वाईट वाटतंय."

ओंकार सरांनी टॉवेल खुर्चीवर आपटला. "लवूकाका, तोंडाशी इलेलो घास गेलो," ते म्हणाले. "जरा जड रवला असता, तर तुमचा चेडू संघात गेला असता."

ते निघून गेले. लवूला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठला आणि काठाशी येऊन उकिडवा बसला.

"माका कित्याक नाय सांगलंस?" त्याने विचारलं. "मी गप रवलो असतंय."

"म्हणानच नाय सांगलंय."

संघ गेल्याचं दुःख तिला झालंच होतं. शिडी पलीकडच्या काठाला होती. तिने तिकडे पाहिलंही नाही. होडीच्या कडेशी आल्यावर करायची तसे दोन्ही हात वर केले.

"बाबा, वर काढ माका."

लवूने कुबडी आणि चपला खाली ठेवल्या, लादीवर पाय रोवले आणि तिला ओढून काठावर घेतलं.

"जड झालंस गो," तो धापा टाकत म्हणाला; हात मात्र त्याने सोडला नाही.