भिंत विकणाऱ्याचा मुलगा

"अखामुखनं माझ्या बाबांना दाखवलेली गुहा, मला तीच बघायची आहे," ओदील पुन्हा म्हणाली, आणि खियारच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरच्यांसमोर घेऊ नये, एवढं सहारातल्या या जानेत गावातलं शेंबडं पोरही जाणतं. ही फ्रान्सची बाई मात्र त्या नावाचा जप लावून बसली होती. गावात तिनं ज्याला त्याला तेच विचारलं, आणि लोकांनी खाली मान घालून काढता पाय घेतला. आपला वाटाड्या त्या अखामुखचाच मुलगा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. खियार सांगणारही नव्हता.

त्याला तिचं आडनाव पुरेसं होतं. देलोर्म. तो लहान असताना एक देलोर्म या पठारावर आला, आणि तो परत गेल्यावर गुहेच्या भिंतीवर हजारो वर्षांपूर्वी रंगवलेल्या कळपातली लाल गाय दगडासकट कापून नेलेली दिसली. वाटाड्या होता खियारचा बाप. गाव म्हणालं, यानंच विकली. बापानं शपथा घेतल्या, पण साक्ष कोण देणार? मरेपर्यंत तो भिंत विकणाराच राहिला, आणि त्या घरात सोयरीक करायला कुणी तयार होईना. बापावरचा डाग पुसायचा, एवढा एकच ध्यास खियारनं धरला होता. आणि आता त्या चोराची लेक सहलीला आली होती.

बाईनं एक जड पिशवी छातीशी धरली होती. गाढवं हाकणाऱ्या घुमानं, खियारच्या थोरल्या आतेभावानं, ती मागितली तरी तिनं दिली नाही.

"हत्यारं असतील," खियार आपल्या भाषेत म्हणाला. "बापानं गाय नेली, ही वासरू नेईल."

"गप रे. पायाला फोड आलेत तिच्या, पण हूं की चूं नाही."

"मग खांद्यावर घे तिला."

घुमा हसला. खियार हसला नाही.

चहाला थांबले तेव्हा बाईनं हळूच विचारलं, "अखामुखच्या घरचं कुणी आहे का?"

"कुणी नाही. वंश बुडाला."

घुमानं चमकून पाहिलं. खियारनं पागोट्याचा पदर नाकावर ओढून घेतला.

खऱ्या गुहेची वाट उजवीकडे वळत होती. तो डावीकडे वळला. एका ओसाड कपारीपाशी नेऊन म्हणाला, "हीच."

पिवळट वालुकाश्म, वाऱ्यानं खरवडलेला. त्यावर रंगाचा ठिपका नव्हता. बाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गायी कुठे गेल्या?"

"तुमच्यासारख्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर पाणी मारमारून फोटो काढले. उरलंसुरलं वाऱ्यानं नेलं."

अशा गुहा पठारावर होत्याही, पण अखामुखची गुहा त्यांतली नव्हती. बाईचा चेहरा पडला आणि खियारला फार बरं वाटलं. भोग म्हणावं.

थोडा वेळ एकटी बसू द्या, असं ती म्हणाली. दोघं बाहेर गाढवांपाशी येऊन बसले. जरा वेळानं आतून दगडावर दगड आपटल्याचा आवाज येऊ लागला.

"खाण तशी माती," खियार उठला. घुमा थांब थांब म्हणत असतानाच तो आत धावला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. "चोराची पोर, भिंत फोडतेस?"

"भिंतीला मी हात लावलेला नाही."

नव्हताच लावला. पिशवी तिच्या पायाशी रिकामी पडली होती, आणि समोर एका फरशीचे तुकडे. एवढ्याशा तुकड्यावर लाल शिंग दिसत होतं. बाकी सगळा भुगा झाला होता.

"बाबांनी मरताना कबूल केलं," ती म्हणाली. "अखामुख पाणी आणायला गेला होता, तेवढ्यात त्यांनी ही गाय कापली. त्याला पत्ताही नव्हता. होती तिथे बसव, आणि त्याच्या गावाला खरं काय ते सांग, म्हणाले. मी लपवून आणली. गावात तर त्याचं नाव काढताच लोक उठून गेले, सांगू कुणाला? पण आता जागाच उरली नाही. पुन्हा एखाद्या चोराच्या हाती लागण्यापेक्षा इथल्या वाळूत गेलेली बरी."

तिनं शिंगाचा तुकडाही दगडाखाली चिरडला.

"त्याच्या घरचं एखादं माणूस जिवंत असतं," ती म्हणाली, "तर त्याच्या हाती दिली असती."