शंभर मीटरच्या आत

जीप टपरीसमोर थांबली तेव्हा छबुबाई चहाचं पातेलं घासत होती आणि तिची नात राजनंदिनी दप्तर पाठीला अडकवून शाळेला निघाली होती. जीपमधून बीडचे अन्न-औषध खात्याचे साहेब उतरले, दोन शिपाई उतरले आणि त्यांच्यामागून सोमेश्वर सर उतरले. आपल्या वर्गाच्या सरांना बघून राजनंदिनी हसली. सर हसले नाहीत.

“शाळेच्या शंभर मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही, मावशी,” साहेब म्हणाले. एका शिपायानं पुड्यांच्या माळा ओढून काढल्या नि पोत्यात कोंबल्या. दुसरा मोबाईलवर फोटो काढत राहिला.

“वीस वर्सं झाली विकते,” छबुबाई म्हणाली. “आजच कावून?”

“आता शाळेकडूनच नकाशा आलाय.” साहेबांनी फायलीतून कागद काढला. “पोरांनी काढलाय. बघा, किती व्यवस्थित.”

राजनंदिनीनं तो कागद लांबूनच ओळखला. मागच्या शनिवारी जीवन कौशल्याच्या तासाला सर म्हणाले होते, वाईट गोष्टीला नाही म्हणायचं तर आधी ती कुठं आहे ते ठाऊक पाहिजे. शाळेभोवती तंबाखू कुठं कुठं मिळते, काढा. तिनं सगळं भराभर काढलं. टपरीपाशी मात्र पेन्सिल अडली. तेव्हा सर तिच्या बाकापाशी आले होते. “कुणाला काही होणार नाही,” ते हळू आवाजात म्हणाले होते. “आपण दोघं जाऊन आज्जीला समजावून सांगू.” मग तिनं टपरी काढली. सरांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

“सर, तुमी म्हणलता...” ती पुढं आली.

“तू शाळेत जा. प्रार्थना सुरू होईल,” सर म्हणाले.

छबुबाईनं ओले हात लुगड्याला पुसले आणि कागद मागून घेतला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं तो नातीपुढं धरला.

“वाच गं नंदे. काय लिवलंय?”

राजनंदिनीला वाचावं लागलं. “शाळा. मारुतीचं देऊळ. हापसा.” तिचा आवाज बारीक झाला. “माझ्या आज्जीची टपरी.”

पोतं भरणारा शिपाई थांबला.

“हाय तर हाय,” छबुबाई म्हणाली. “खोटं थोडंच हाय? फुडं वाच. सुंदररावाचं दुकान ऱ्हायलं.”

दुकान समोरच होतं, मधे फक्त नेकनूरचा रस्ता. दाराला पुड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि शाळा समितीचे अध्यक्ष सुंदरराव पायरीवर उभे राहून इकडं बघत होते. राजनंदिनीनं ते दुकान टपरीच्याही आधी काढलं होतं, पाटीसकट. आता तिथं कागद खोडरबरानं घासून खरबरीत झाला होता आणि त्यावर एक झाड उभं होतं. गोल शेंड्याचं, बुंध्याला तीन उभ्या रेघा. सर फळ्यावर असंच झाड काढायचे.

“दुकान न्हाई, आज्जे. तिथं झाड हाय.”

छबुबाईनं मान वर करून रस्त्यापलीकडं पाहिलं. “कुठं हाय गं झाड?”

“ते मी न्हाई काढलं. सरांना इचार.”

सर जीपच्या बॉनेटवर पंचनामा ठेवून सही करत होते. सही कधीच झाली होती, पण ते वाकलेलेच होते. छबुबाई त्यांच्यापाशी गेली आणि नकाशा त्या पंचनाम्यावर ठेवला.

“ते झाड दावा बरं, मास्तर,” ती म्हणाली.