धुऊन आणलेलं झाकण

जुन्या गाड्या विकणाऱ्या धाकट्या भावाने इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण रंगवायला आणलं, तेही स्वच्छ धुऊन. पेंटरच्या मनात पाल चुकचुकली. आजवर एकाही गिऱ्हाइकाने ऑइलचा थर पुसला नव्हता, आणि हा तर स्वतःचं ताटही उचलत नाही! त्याने झाकण उलटून स्क्रूच्या भोकात खिळा फिरवला. वाळका गाळ सांडला. “गाडी पुरात बुडालेली?” “दादा, शंका कसल्या काढतोस? काळा मार. उद्या एक बाई बघायला येतेय, पोरांना शाळेत सोडायला हवीय.” सख्ख्या भावाला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. भाऊ गेल्यावर त्याने पॉलिशपेपर लावला नाही, प्रायमरचा डबाही उघडला नाही. थेट स्प्रेगन उचलली. संध्याकाळी चकाकी बघून भाऊ हरखला. “प्रायमर मारलास ना? नाहीतर नखानेसुद्धा रंग निघतो.” “मारला की! बाईंना सांग, नीट हात लावून बघा.”