पालथी बादली

श्रद्धाची आई इस्रायलला अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला गेली होती. तिथं क्षेपणास्त्रांचा इशारा आला, की चौक गावात घरच्या मोबाइलवरल्या ॲपचा भोंगा वाजे आणि आठ वर्षांची श्रद्धा बिनखिडकीच्या न्हाणीत जाऊन पालथ्या बादलीवर बसे. बाप समजावी, "अगं, बाँब तिकडं पडतात, इकडं नाय!" "म्हातारीला उचलता येत नाय, म्हणून आई लपायला जातच नाय," ती म्हणे. "तिच्या वाटचं मी बसते." धोका टळल्याचा मेसेज आल्यावरच ती बाहेर येई. पोरीचे हाल बघवेनात, तेव्हा बापानं भोंग्याचं ॲपच काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून तेलकट हातांनी तो परतला, तर न्हाणीला आतून कडी. तिचं पांघरूणही गायब. "आता कुठं वाजला गं भोंगा?" "तेच कळत नाय ना, बाबा," श्रद्धा म्हणाली. "मग बाहेर कधी येऊ?"